आजीचं गोंदण डाग कधीपासून झालं?

खडेबाजारचा जुना फोटोवाला
काल इथं एकाने दोन फोटो शेजारी-शेजारी टाकले. डावीकडे त्याची आजी, उजवीकडे "तीन क्लिकमध्ये नवी आजी". वर मल्लिनाथी अशी, की फोटोशॉपची नवी टूल्स बघा आणि रिटचिंगच्या नावाखाली आठवडा-आठवडा फोटो दाबून ठेवणाऱ्यांनी आता दुकान आवरा.

दुकान आवरायचं तेव्हा आवरू. आधी उजवीकडचा फोटो नीट बघ, बाळा. कपाळावरचं गोंदण कुठं गेलं? हनुवटीवरचे तीन ठिपके? स्किन स्मूदिंग फिरवलंस, उरलंसुरलं रिमूव्ह टूलने पुसलंस. त्या टूलला मुरूम काय आणि गोंदण काय, सारखंच. तुला तरी कळायला हवं होतं.

मी शिकलो तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिल चालायची. सुरकुती निगेटिव्हवर पातळ दिसते, ती टोकदार पेन्सिलने भरली की प्रिंटवर उजळते. पांढरा चट्टा घालवायचा तर उलटं, ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचं. हात घसरला की निगेटिव्ह गेली, आणि ती एकच असायची. म्हणून निगेटिव्हला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचो, हा तीळ ठेवू का काढू?

२००२ ला हीलिंग ब्रश आला तेव्हाही असंच म्हणाले होते, आवरा दुकान. पण तो ब्रश त्याच माणसाच्या गालाचा पोत उचलून कपाळाला लावायचा. २०१० चं कंटेंट-अवेअर फिलसुद्धा त्याच फोटोतून उसनं घ्यायचं. २०२३ च्या जनरेटिव्ह फिलपासून, म्हणजे एआयने चित्र बनवून भरायला लागल्यापासून, कातडं बाहेरून यायला लागलंय. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

निपाणीचा शटर
अण्णा, तुमची पेन्सिल देव्हाऱ्यात ठेवा, रोज उदबत्ती लावा. मी एका लग्नाचे सहाशे फोटो देतोय. प्रत्येकात लाइटची वायर, मांडवाचा बांबू, नवरीच्या मागे पाण्याची बाटली. क्लोन स्टॅम्पने काढून काढून मनगट गेलंय माझं. रिमूव्ह टूलने वायरीवर एक रेघ ओढली की संपलं. हे पण पाप का?

आणि बाहेरच्या कातड्याचं म्हणाल तर ऐका. २०१९ च्या पुरात आमच्या भागातल्या किती घरांचे अल्बम भिजले ते तुम्हाला बेळगावच्या खडेबाजारात बसून कळायचं नाही. एक बाई फोटो घेऊन आली. आईचा एकुलता एक फोटो, काचेला चिकटलेला, उजवा डोळा शाईगत पसरलेला. जनरेटिव्ह फिलने डोळा भरला. बाई फोटो बघून दुकानातच रडली, "आईच आली" म्हणाली. तिला काय सांगू, आमचे अण्णा नाही म्हणतात?

खडेबाजारचा जुना फोटोवाला
डावा डोळा शाबूत होता ना? तो उचलून, उलटा करून, उजेड जुळवून बसवता आला असता. दोन तासांचं काम. आता हार घातलेल्या त्या फोटोतला एक डोळा तिच्या आईचा आहे आणि दुसरा कुणाचाच नाही.

निपाणीचा शटर
दोन तासांचे पैसे तुम्ही देणार काय? तिने शंभर रुपये दिले, ते पण मी परत केले.

खानापूरची लेक
तुमचं डोळ्याचं चालू दे, पण माझं कोण ऐकणार? माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तोंड पीठ लावल्यागत पांढरं आणि हात माझ्या खऱ्या रंगाचे. बारा बाय छत्तीस इंचांची पानं आहेत, लपवायला जागा नाही. सासूबाई पाहुण्यांना दाखवतात आणि मी चहा करायच्या निमित्ताने आत जाते. टूल नवं असू दे की जुनं, हात तुम्हा लोकांचाच आहे ना?

खडेबाजारचा जुना फोटोवाला
ताई, आम्ही गोरं नाही केलं तर नवरदेवाकडचे फोटो परत आणून टाकतात.

खानापूरची लेक
मग मघाशी "विचारायचो" म्हणालात ते नवरदेवाकडच्यांना काय?

येळ्ळूर रोड
सगळे चेहऱ्यात अडकलाय. त्याच धाग्यातला दुसरा फोटो बघितला काय? आजोबांच्या किराणा दुकानासमोरची सायकल काढलीय आणि मागच्या पाटीवरची अक्षरं बघा. मराठी नव्हे, कन्नड नव्हे, मुंग्या चालल्यागत कायतरी आहे. दुकानाचं नावच गेलं.

टिळकवाडीचा बाकडा
पाटी म्हटलं की तुम्हाला झोंबतंयच. आधी कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नडचा नियम, आता फोटोतली पाटी पण.

येळ्ळूर रोड
झोंबणारच! बाहेरच्या पाटीवर आमचं अक्षर किती इंच ठेवायचं हे दुसरा ठरवतोय. निदान आजोबांच्या फोटोत तरी राहू दे की.

निपाणीचा शटर
राजकारण दुसरीकडे करा ओ. अक्षराचंच दुःख असेल तर माझं ऐका. अल्बमच्या कव्हरवर "चि. सौ. कां." टाइप केलं, वेलांटी च सोडून पुढं जाऊन उभी राहिली. "श्री"चे तुकडे. छापून आल्यावर दिसलं. नवरीच्या बापाने कव्हर माझ्या टेबलावर आपटलं.

खडेबाजारचा जुना फोटोवाला
म्हणूनच आम्ही श्रीलिपीत करायचो, मराठी फॉन्टच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. वेलांटी कधी हलली नाही.

येळ्ळूर रोड
आणि तोच मजकूर दुसरीकडे पेस्ट केला की उंदराने कुरतडल्यागत चिन्हं. श्रीलिपीतल्या पत्रिकांच्या जुन्या फायली माझ्याकडे धूळ खात आहेत, फॉन्टशिवाय एक ओळ वाचता येत नाही. तुमची श्रीलिपी सांगू नका.

चिकोडी कट्टा
मी घरी कन्नड बोलतो, मराठी वाचतो, म्हणून बोलतोय. आमचंही तेच आहे. ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खालचं अक्षर, खाली बसायचं ते बाजूला येऊन बसतं. आधी कन्नड टायपिंगच्या नुडी सॉफ्टवेअरमध्ये करायचो, मग बरहामध्ये, प्रत्येक दुकानाचं वेगळं. फोटोशॉप जुनं असेल तर त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, बंद करून परत उघडा, फॉन्ट युनिकोडचाच घ्या. दोन्ही भाषांची अक्षरं जागेवर येतात. पाटीवरून भांडणारे दोघंही आधी हे करा.

टिळकवाडीचा बाकडा
घ्या. मराठीची वेलांटी कन्नडवाल्याने बसवली.

येळ्ळूर रोड
बसवली तर बसवली. आभार. साठ टक्क्यांचं मत तेच आहे माझं.

तीन क्लिक (काल फोटो टाकणारा)
दिवसभर शिव्या वाचतोय. पाटीची चूक कबूल. सायकलीभोवती फार मोठं सिलेक्शन घेतलं होतं. शिवाय सुरुवातीला जनरेटिव्ह फिल १०२४ पिक्सेलचाच तुकडा बनवायचं आणि ताणून बसवायचं, हे मला प्रिंट काढल्यावर कळलं. सगळा फोटो धारदार आणि तेवढीच भिंत पिठूळ.

पण अण्णा, गोंदणाचं तुम्ही मला विचारलं नाही. आजी हयात आहे. तिनेच सांगितलं, "सात वर्षांची असताना दोघींनी धरून टोचलं, मी रडून रडून बेशुद्ध पडले, एकदा तरी त्याच्याशिवाय बघू दे मला." म्हणून काढलं.

खानापूरची लेक
आता बोला.

खडेबाजारचा जुना फोटोवाला
आजीचंच म्हणणं असेल तर आमचा शब्द मागे. एवढं कालच लिहिलं असतंस तर माझी संध्याकाळ वाचली असती. "आवरा दुकान" मात्र मागे घे.
हनुवटीचे ठिपके पण तिनेच काढ म्हटलं?

तीन क्लिक
ते आपोआप गेले. थांबा, विचारतो.

तीन क्लिक
ओरडली. ते तिच्या आईने जत्रेत हौसेने गोंदवून घेतले होते म्हणे, दोघींनी एकाच दिवशी. आणि मी मूळ फाइलवरच सेव्ह मारलंय.

निपाणीचा शटर
लेअर डुप्लिकेट करायची असते रे, लेका. हे मी अण्णांच्या बाजूने बोलत नाही.

खडेबाजारचा जुना फोटोवाला
कागदावरचा फोटो आहे ना घरात? घेऊन ये, नव्याने स्कॅन करू. कपाळाचं जाईल, हनुवटीचं राहील. आठवडा लागेल.
चिकोडीवाले, ते वर्ल्ड-रेडी प्रेफरन्सेसमध्ये कुठं म्हणालात?