आवारात गाड्या ४,२९,४९,६७,२९५! ॲटॉमिक काउंटर साइन्ड ठेवावा की अनसाइन्ड?

जिनिंगवाला (चोपडा)
गेल्या हंगामात एका जिनिंगच्या गेटचं सॉफ्टवेअर केलं. दोन गेट, दोन वजनकाटे. कापसाची गाडी आत आली की काउंटर एकाने वाढतो, रिकामी होऊन निघाली की एकाने घटतो. आवारात साठ गाड्या मावतात, साठ झाल्या की बॅरियर उघडत नाही. दोन्ही गेटचे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकाच आकड्याला हात घालतात म्हणून काउंटर ॲटॉमिक, म्हणजे एकाचा बदल पुरा होईपर्यंत दुसऱ्याला मध्ये शिरता येत नाही. आणि गाड्या काही उणे नसतात, म्हणून ३२ बिटांचा अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडा नसलेला; उणे चालतो तो साइन्ड. इथेच फसलो.

रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला, काउंटर शून्यावर आला. पण एक ट्रॅक्टर आतच मुक्कामी होता. पहाटे तो बाहेर पडला, शून्यातून एक गेला, उणेला जागा नाही म्हणून काउंटर उलटून कमाल आकड्यावर गेला आणि फलकावर शीर्षकातले ४२९ कोटी झळकले. बॅरियरच्या लेखी आवार तुडुंब. बाहेर गाड्यांची रांग, शेतकरी तापलेले, मालकाचा फोन तर विचारूच नका. साइन्ड असता तर -१ दिसलं असतं, गेट उघडलं असतं. माझं मत आता पक्कं आहे: जिथे वजाबाकी, तिथे साइन्ड.

धुळेकर
भाऊ, दुखणं रीस्टार्टचं आणि औषध टाइपला? साइन्ड असता तर -१ वर गेट उघडलं असतं हे खरं, पण मग दिवसभर हिशेब एकाने कमी राहिला असता. काउंटर ५९ दाखवतोय आणि आत साठ उभ्या, हे कुणाच्या लक्षात आलं असतं? अनसाइन्डने निदान बोंब तरी मारली. चूक लपवणाऱ्या काउंटरपेक्षा मला ओरडणारा बरा.

दुसरं, अनसाइन्ड गणित बिघडत नाही. नेटवर्कमुळे ‘बाहेर’ची नोंद ‘आत’च्या आधी आली, तर काउंटर ४२९ कोटींवर जाईल आणि पुढच्याच नोंदीला गपचूप शून्यावर येईल. बिघडते ती तुमची ‘साठपेक्षा कमी का?’ ही तुलना. आणि सी प्लस प्लस भाषेत साइन्ड ओव्हरफ्लो झाला, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेला, की वर्तन अनिश्चित. ‘असं होणारच नाही’ असं धरून कंपायलर तुमची तपासणीच उडवून टाकेल.

जिनिंगवाला (चोपडा)
दादा, ‘गपचूप शून्यावर येईल’ म्हणता, पण त्या दोन नोंदींच्या मध्ये बॅरियर आकडा वाचतो ना. माझं नुकसान मधल्या वेळेतच झालं.

यावलची ताई
धुळेकरांची शेवटची ओळ इथे लागू नाही. साध्या इंटचा (साइन्ड पूर्णांकाचा) ओव्हरफ्लो अनिश्चित आहे, बरोबर. पण ॲटॉमिक इंटवरचं फेच-ॲड आणि फेच-सब (मिळवणं आणि वजा करणं) सी प्लस प्लसच्या २०११ च्या मानकापासूनच टूज कॉम्प्लिमेंटने गुंडाळलं जातं, म्हणजे कमाल ओलांडली की आकडा किमानावर येतो, तिथे अनिश्चित काही नाही. खोच एवढीच, की फेच-ॲड जुनी किंमत परत देतं. त्यात तुम्ही हाताने एक मिळवलात तर ती साधी बेरीज, आणि तिला जुना नियम. म्हणजे ‘अनिश्चित वर्तन नको म्हणून अनसाइन्ड’ हा मुद्दा ॲटॉमिकपुरता बाद.

‘अनसाइन्डमध्ये एक बिट जास्त मिळतो’ हाही मुद्दा कुणी काढू नका. ६४ बिटांचा साइन्ड काउंटर सेकंदाला शंभर कोटी वेळा वाढवला तरी भरायला २९२ वर्षं लागतात. ३२ बिटांत मात्र जपून. बोइंग ७८७ च्या जनरेटर कंट्रोलचा काउंटर सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर भरतो, असा इशारा अमेरिकी विमान नियामकाने २०१५ मध्ये दिला होता. ३२ बिटांच्या साइन्डची कमाल २१४ कोटी, ती सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोजून बघा, नेमके तेवढेच दिवस येतात.

नंदुरबारी जावावाला
आमच्याकडे वादच नाही. जावात ॲटॉमिक-इंटिजर आणि ॲटॉमिक-लाँग, दोन्ही साइन्ड. अनसाइन्ड पाहिजे म्हणणाऱ्याला कुणी विचारतच नाही. सुखी आहोत. 😄

भुसावळचा कर्नलवाला
लिनक्सच्या कर्नलमधला (गाभ्यातला) ॲटॉमिक काउंटरचा टाइप, ॲटॉमिक-टी, पहिल्यापासून साइन्ड आहे. पण वेदना टाइपची नाही, गुंडाळण्याची. २०१६ च्या जानेवारीत कीरिंगमधली (कर्नलच्या किल्ल्या साठवणाऱ्या भागातली) एक त्रुटी उघड झाली. वस्तू किती जण वापरतायत ते मोजणारा ३२ बिटांचा काउंटर वाढवत वाढवत पुन्हा शून्यावर आणायचा, मग कर्नल ती वस्तू मोकळी करतो आणि हल्लेखोराच्या हाती मात्र तिचा पत्ता उरतो. २०१७ मध्ये ४.११ आवृत्तीत अशा मोजणीसाठी रेफकाउंट-टी हा टाइप आला. तो टोकाला गेला की तिथेच अडकून बसतो, शून्यावर येत नाही. थोडी मेमरी वाया गेली तर जाऊ दे, हा हिशेब. रस्ट भाषेच्या आर्कमध्येही अशीच मोजणी आहे, ती अनसाइन्ड, पण साइन्डची कमाल मर्यादा ओलांडली की प्रोग्रॅमच थांबवतात. म्हणजे वरचा अर्धा भाग ‘इथे कुणी येऊच नये’ म्हणून मोकळा. साइन्डवालेही दुसरं काय करतात?

रावेरकर
वडील केळीच्या व्यापाऱ्याकडे मुनीम होते. शिल्लक थेट खोडून दुसरी लिहिलेली त्यांना खपायची नाही. आवक वेगळी, जावक वेगळी, शिल्लक विचारली की वजाबाकी. तेच करा. दोन ॲटॉमिक काउंटर, दोन्ही फक्त वाढणारे, दोन्ही ६४ बिटी आणि डिस्कवर जपलेले. मग अनसाइन्ड ठेवायला हरकत नाही, कारण काउंटरला उणे व्हायची सोयच नाही. वाचताना आधी जावक वाचा, मग आवक. या क्रमाने फरक फार तर जास्त दिसेल, उणा दिसणार नाही. उलट वाचलंत तर मधल्या क्षणात गाड्या निघून जातील आणि पुन्हा ४२९ कोटींचे भाऊबंद.

धुळेकर
हे पटलं. तुन्हं म्हननं बरोबर शे, भो. पण नोंदी उलट्या क्रमाने आल्या तर जावक आवकेच्या पुढे जाईलच की.

रावेरकर
जाईल. म्हणून फरक साइन्डमध्ये घ्या आणि उणा आला की घंटी वाजवा. मोजायला अनसाइन्ड, फरकाला साइन्ड. मला तरी त्यात विसंगती दिसत नाही.

यावलची ताई
एक राहिलंच. जिनिंगवाले भाऊ, तुम्ही आधी काउंटर वाचता, साठपेक्षा कमी असेल तर मग वाढवता ना? वाचणं ॲटॉमिक, वाढवणं ॲटॉमिक, पण मधली फट कुणाची? दोन्ही गेटना एकाच वेळी ५९ दिसलं तर दोन्ही उघडतील. कम्पेअर-एक्स्चेंजच्या (आकडा अजून तोच असेल तरच बदल, नाहीतर पुन्हा प्रयत्न) लूपमध्ये तपासणी आणि वाढ एकत्र करा. नाहीतर आधी वाढवा, जुनी किंमत साठ किंवा जास्त निघाली तर परत घटवा. साइन्ड-अनसाइन्डवर आपण एवढं भांडलो आणि ही चूक दोन्हींत तशीच राहते.

जिनिंगवाला (चोपडा)
ताई, लॉग काढून पाहिला. हंगामात दोनदा ६१ ची नोंद आहे. गेटवरच्या आप्पांना विचारलं. ते म्हणाले, “दोनदाच? आरे, रोजनं शे ते.”