सल्ला हवाय: सेकंड इयरला कॉम्प्युटर ग्राफिक्स पहिल्यांदाच शिकवायचंय, प्रॅक्टिकल्स कशात घ्यावीत?

खडूफळा

नमस्कार मंडळी,

येत्या सत्रात सेकंड इयर कॉम्प्युटरचं ग्राफिक्स माझ्याकडे आलंय. कॉलेज ऑटोनॉमस आहे. थिअरीची युनिट्स ठरलेली आहेत, पण प्रॅक्टिकल्स कशात घ्यायची ते मलाच ठरवायचंय. आठवड्याला ३ लेक्चर, प्रत्येक बॅचला २ तासांचं एक प्रॅक्टिकल, बॅच २० जणांची, हातात १२ आठवडे. लॅबमध्ये तिसऱ्या-चौथ्या पिढीची आय-थ्री मशीन्स, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. अर्ध्यांवर विंडोज १०, उरलेल्यांवर उबुंटू. आजवरची जर्नल्स डॉसबॉक्समधल्या (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सीची, म्हणजे सीच्या जुन्या कंपायलरची. मुलांना सी येतं, सी प्लस प्लस जेमतेम, मॅट्रिक्स एम-वनमध्ये (पहिल्या सत्राच्या गणितात) झाल्यात तेवढ्याच.

टर्बो सी सोडावं का? ओपनजीएल (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घ्यायची लायब्ररी) घ्यायचं तर कुठलं आणि कधीपासून? आणि मुलं नेमकी कुठे अडकतात, हे आधीच कळलं तर बरं.

निळी शाई

सोडा. जुनाट दिसतं म्हणून नव्हे, तर मुलांचा सगळा वेळ टर्बो सीच्याच दुखण्यांत जातो म्हणून. त्यातला इंट १६ बिटांचा, ३२,७६७ च्या पुढे गेला की उलटतो. मिडपॉइंटने लंबवर्तुळ काढताना त्रिज्या २०० दिली तर वर्ग ४०,००० यायला हवा, येतो उणे २५,५३६. पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं आणि पोरगं बिचारं डिसिजन पॅरामीटर (पुढचा ठिपका कुठे ते ठरवणारी किंमत) तपासत बसतं, जो बरोबरच असतो. फ्लड फिलचीही (बंद आकारात रंग ओतणं) तीच गत. स्टॅक मुळात ४ केबी, त्यामुळे रिकर्शन काहीशे पिक्सेलांत कोसळतं. शिवाय ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्रॅम थेट चालतच नाही, म्हणून डॉसबॉक्स, म्हणून बीजीआय (टर्बो सीचे ग्राफिक्स ड्रायव्हर) फोल्डरचा पाथ, म्हणून 'ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड'. पहिल्या प्रॅक्टिकलचे दोन तास तिथेच खलास.

पेपरात हाताने ट्रेस (पायरी-पायरीने किमती काढणं) येणारच, त्याचा टर्बो सीशी संबंध नाही. तो वहीत करून घ्या.

पिक्सेलवाला

अनुमोदन. त्यापुढे जाऊन सांगतो: पहिले ६ आठवडे विंडो उघडूच नका. ओपनजीएलचीसुद्धा नको. साध्या सीमध्ये एक ॲरे घ्यायचा, त्यात पिक्सेल भरायचे आणि शेवटी तो पीपीएम (चित्राचा अगदी साधा प्रकार) फाइलमध्ये ओतायचा. पी३ प्रकारची फाइल म्हणजे नुसता मजकूर: पहिल्या ओळीत पी३, मग रुंदी आणि उंची, मग २५५, मग प्रत्येक पिक्सेलचे लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. लायब्ररी शून्य, ड्रायव्हर शून्य. विंडोजचा फोटो व्ह्यूअर ही फाइल उघडत नाही, त्यामुळे लॅबवाल्यांकडून इरफानव्ह्यू किंवा गिंप आधीच टाकून घ्या. उबुंटूत डबल क्लिक पुरतं.

आता यातले खड्डे.

८०० बाय ६०० चा तीन बाइटी ॲरे म्हणजे १४,४०,००० बाइट. तो मेनच्या आत लोकल म्हणून घेतला तर विंडोजवर प्रोग्रॅम सुरू होताच मरू शकतो, कारण तिथे व्हिज्युअल स्टुडिओत स्टॅक मुळात १ एमबीचा. उबुंटूवर ८ एमबीचा, तिथे तोच प्रोग्रॅम झकास चालतो. तुमच्याकडे दोन्ही प्रकारची मशीन्स आहेत, तेव्हा हा घोळ पहिल्याच दिवशी होणार. ॲरे ग्लोबल घ्या किंवा मॅलॉक करा.

पिक्सेल लिहायला एकच फंक्शन, हद्द तपासणं त्याच्या आतच. नाहीतर एक्स उणे १ झाला की ठिपका वरच्या ओळीच्या उजव्या टोकाला जाऊन बसतो आणि 'सर, उजवीकडे आपोआप ठिपके येतात' सुरू होतं. वाय अक्ष उलटा करायचा तोही इथेच, एकदाच.

तिसऱ्या आठवड्यात पी६, म्हणजे बायनरी फाइलवर या. विंडोजवर फाइल 'डब्ल्यूबी' ऐवजी नुसत्या 'डब्ल्यू'ने उघडली, तर १० किमतीचा प्रत्येक बाइट १३ आणि १० असा दोन बाइटांत लिहिला जातो, कारण १० म्हणजे नवी ओळ. २५६ बाय २५६ चा राखाडी ग्रेडियंट मुद्दाम असा लिहून दाखवा. दर ओळीत किंमत १० असलेला एकच पिक्सेल, त्याचे तीन बाइट वाढतात, म्हणजे प्रत्येक ओळ बरोबर एक पिक्सेल सरकते आणि चित्र ४५ अंशांत तिरकं होतं. फाइल आणि मेमरी म्हणजे काय हे त्या एका चित्रात जेवढं समजतं तेवढं तासाभराच्या लेक्चरमध्येही समजत नाही.

शेडरभक्त

सहा आठवडे फाइली? मुलं पळून जातील. पहिल्या दिवशी फिरता त्रिकोण दाखवा, गोडी लागली की बाकीचं आपोआप होतं.

अर्धवर्तुळ

शेडरभक्त, फिरता त्रिकोण दाखवायला ना नाही, प्रोजेक्टरवर दाखवा. पण मुलांनी स्वतः लिहायचा तर पहिल्या त्रिकोणाआधी शंभरावर ओळींचं बाड आहे, आणि त्यातली एक चुकली तर काळा पडदा. काळा पडदा कुठलीच चूक सांगत नाही. पीपीएममध्ये चूक डोळ्यांना दिसते, हा फरक मोठा आहे.

खडूफळा, रेषांच्या आठवड्यासाठी: डीडीए आणि ब्रेझनहॅम (रेष ठिपक्यांत बसवायच्या दोन पद्धती, पहिली अपूर्णांकांत, दुसरी पूर्णांकांत) एकाच तासात घ्या, नाहीतर दुसऱ्याची गरज कळत नाही. जॅक ब्रेझनहॅम यांनी हा अल्गोरिदम १९६२ मध्ये आयबीएममध्ये प्लॉटरसाठी बसवला, १९६५ मध्ये तो छापून आला. पेन एका वेळी एकच पायरी सरकणार, म्हणून नुसत्या पूर्णांकांत बेरीज-वजाबाकी. हे सांगितलं की '२डीवाय वजा डीएक्स' हे सूत्र आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही.

फळ्यावर (२,२) ते (९,५) घ्या. डीएक्स ७, डीवाय ३. सुरुवातीचा डिसिजन पॅरामीटर पी = ६ − ७ = −१. ऋण असेल तर वाय तोच आणि पीमध्ये ६ मिळवा. नसेल तर वाय एकने वाढवा आणि पीमधून ८ वजा करा. पीच्या किमती क्रमाने −१, ५, −३, ३, −५, १, −७ आणि ठिपके (३,२), (४,३), (५,३), (६,४), (७,४), (८,५), (९,५). सातच पायऱ्या, फळ्यावर मावतात.

कोडमध्ये दोन चुका हमखास. एक: डीडीएमध्ये उतार काढताना इंटला इंटने भागणं. ३ भागिले ७ शून्य येतो आणि रेष आडवी पडते. दोन: फक्त पहिल्या अष्टकासाठी (० ते ४५ अंशांच्या दिशांसाठी) लिहून 'झालं' म्हणणं. म्हणून एकच रेष तपासू नका. मध्यापासून १६ दिशांना रेषा काढलेला तारा मागा. एक्सच नेहमी वाढवत गेलं तर उभट रेषांचे तुटक ठिपके होतात, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या रेषा गायबच असतात. तारा बघितला की दहा सेकंदांत निदान.

पिक्सेलवाला

तारा मस्त. त्याच धर्तीवर त्रिकोणासाठी एक देतो. पॉलिगॉन फिलचा स्कॅनलाइन अल्गोरिदम सिलॅबसमध्ये असेल तर थिअरीत घ्या, पण प्रॅक्टिकलला एज फंक्शन करून घ्या, म्हणजे पिक्सेल तिन्ही कडांच्या एकाच बाजूला आहे का ते बघायचं. हुआन पिनेडा यांनी १९८८ मध्ये मांडलेली ही पद्धत जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) कामाच्या तऱ्हेच्या बरीच जवळची आहे, आणि कोड वीसेक ओळींचा. चौकोनाचे कर्णावर दोन त्रिकोण करा आणि रंग भरताना जुन्या किमतीवर १०० मिळवा. कर्णावर २०० चा उजळ पट्टा दिसला तर ते पिक्सेल दोनदा भरले गेले, काळी फट दिसली तर एकदाही नाही. सामाईक कड कुणाच्या मालकीची, हा नियम का लागतो ते तिथे कळतं.

खडूफळा

हे सोनं आहे. फाइलवाला मार्ग पटला. आता सातव्या आठवड्यापासून ओपनजीएल धरलं तर ही मशीन्स झेपतील का? आणि फिरवणं-सरकवणं आधी की नंतर?

घाटवाट

झेपतील. आवृत्ती ३.३ कोअर धरा, सोबत जीएलएफडब्ल्यू (विंडो उघडायला) आणि ग्लॅड (ओपनजीएलची फंक्शन्स हाताशी आणायला). जुनं ग्लूट आणि ग्लबिगिन-ग्लएंड शिकवू नका, ग्लबिगिन-ग्लएंड तर कोअर प्रोफाइलमधून काढून टाकलेलं आहे. विंडोजवर तिसऱ्या पिढीचं इंटेल ग्राफिक्स ४.० पर्यंत जातं, चौथ्या पिढीचं ४.३ पर्यंत. एखादं दुसऱ्या पिढीचं मशीन निघालं तर ते विंडोजवर ३.१ ला अडतं, पण उबुंटूवर मेसामुळे (तिथले खुले ग्राफिक्स ड्रायव्हर) ३.३ देतं. तशी मशीन्स उबुंटूवर ठेवा.

सत्र सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मशीनवर रेंडररचं नाव छापून बघा. 'जीडीआय जेनेरिक' आलं तर इंटेलचा ड्रायव्हर पडलेलाच नाही आणि हातात ओपनजीएल १.१ आहे, मग ३.३ ची विंडो उघडणारच नाही. उबुंटूवर जीएलएक्सइन्फोने कळतं. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर सगळं सीपीयूवर चाललंय, सावकाश असलं तरी बरोबर चालतं, शिकायला पुरतं.

काळ्या पडद्याची कारणं, ज्या क्रमाने तपासावीत त्या क्रमाने: शेडर (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) कंपाइलचा लॉग वाचलाच नाही (निम्म्या वेळा इथेच सापडतं). व्हीएओ (बिंदूंची माहिती कशी वाचायची ते साठवणारा ऑब्जेक्ट) बाइंड केला नाही; कोअरमध्ये त्याशिवाय काहीच उमटत नाही. जीएलएमचं (सी प्लस प्लसची गणिती लायब्ररी) मॅट्रिक्स रिकामं ठेवलं, ०.९.९ पासून ते आपोआप युनिट मॅट्रिक्स होत नाही, कंसात १.० लिहावं लागतं. डेप्थ टेस्ट (पुढचं कोण, मागचं कोण ते ठरवणं) चालू, पण फ्रेमच्या सुरुवातीला डेप्थ बफर साफ नाही. कोन अंशांत दिला. जीएलएमला रेडियन लागतात, ४५ दिलं की ४५ रेडियन समजतो.

निअर प्लेन (कॅमेऱ्याला दिसणारी जवळची हद्द) ०.०१ आणि फार (लांबची हद्द) १०,००० असं कुणी ठेवलं की लांबच्या भिंती चमचम करायला लागतात. डेप्थची निम्मी श्रेणी निअरपासून निअरच्या दुपटीपर्यंतच खर्ची पडते, इथे म्हणजे ०.०१ ते ०.०२ मध्ये. निअर ०.५ करा, थांबतं.

टेक्स्चर (आकारावर चिकटवायचं चित्र) तिरकं आलं तर रुंदी बघा. १०१ पिक्सेल रुंद चित्राची ओळ ३०३ बाइटांची, ओपनजीएल ४ च्या पटीत म्हणजे ३०४ धरून वाचतं. अनपॅक अलाइनमेंट १ करा. पिक्सेलवाल्यांच्या तिरक्या ग्रेडियंटचा हा सख्खा भाऊ.

अर्धवर्तुळ

ट्रान्सफॉर्मेशन ओपनजीएलच्या आधी, सहाव्या आठवड्यात, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ३ बाय ३ मॅट्रिक्सने. पहिल्याच लेक्चरला सांगून टाका की बिंदू उभा कॉलम म्हणून लिहायचा, मॅट्रिक्स डावीकडे. काही पुस्तकं आडवी ओळ घेतात, मग गुणाकाराचा क्रम उलटतो. दोन्ही प्रकार एका वहीत आले की संपलं.

उदाहरण: (५,२) हा बिंदू (२,२) भोवती ९० अंशांत फिरवा. उत्तर (२,५). वहीत (−६,५) दिसलं तर सरकवण्याचा क्रम उलटा झालाय: आधी वजा २ सरकवायचं, ते अधिक २ सरकवलं. उत्तर पाहूनच चूक कळेल असे आकडे निवडले की तपासणं हलकं होतं. आणि चित्रात वाय खाली वाढत असेल तर तेच फिरवणं घड्याळाच्या दिशेने दिसतं. दर बॅचला दोघंतिघं तरी 'साइनचं चिन्ह बदललं सर, आता बरोबर आलं' म्हणतात. ते बरोबर आलेलं नसतं. अक्ष उलटा आहे.

मोरपंखी

वाचनखूण साठवली. एक भर: जर्नलची कॉपी टाळायची तर इनपुट रोल नंबरवरून द्या. रेषेचं एक टोक (रोल नंबर, १०), त्रिकोणाचा कोन रोल नंबर गुणिले ५ अंश. कोड एकमेकांचा घेतला तरी ट्रेस स्वतःचाच करावा लागतो. ओरलला एकच प्रश्न पुरतो: 'ही ओळ काढली तर चित्रात काय बदलेल?'

खडूफळा

धन्यवाद सगळ्यांना. शेवटची शंका. दोन-तीन जणांकडे मॅक आहे, काहींकडे घरी लॅपटॉपच नाही, सायबर कॅफेत किंवा मित्राकडे करतात. त्यांचं काय?

घाटवाट

मॅकवर ओपनजीएल ४.१ पर्यंतच आहे आणि २०१८ पासून ॲपलने ते डेप्रिकेटेड ठरवलंय, तरी ३.३ चालतं. फक्त फॉरवर्ड कंपॅटिबल हा हिंट द्यावा लागतो, नाहीतर विंडो उघडत नाही. रेटिना पडद्यावर चित्र खालच्या डाव्या पाव भागातच आलं तर व्ह्यूपोर्टला विंडोचं माप दिलंय, फ्रेमबफरचं द्यायला हवं.

लॅपटॉप नसलेल्यांना वेबजीएल २ (ब्राउझरमधलं ओपनजीएल) करू द्या, क्रोम आणि नोटपॅड पुरेसे आहेत. शेडर जवळपास तेच, पहिली ओळ वेगळी आणि फ्रॅगमेंट शेडरमध्ये फ्लोटची प्रिसिजन लिहावी लागते. टेक्स्चरच्या प्रॅक्टिकलला मात्र फाइल डबल क्लिक करून उघडली तर ब्राउझर चित्र वापरू देत नाही. पायथॉन असेल तर त्याचा एका ओळीचा लोकल सर्व्हर पोर्ट ८००० वर चालवायचा. कॅफेत पायथॉन नसेल तर चित्र फाइलमधून आणूच नका, ८ बाय ८ चा बुद्धिबळपट कोडमध्येच ॲरे म्हणून भरा.