डोळे उघडे असतानाही मेंदू झोपू शकतो का?

वाटसरू : गेल्या महिन्यात समृद्धी महामार्गाने नागपूरहून मुंबईकडे पहाटे येत असताना शेजारी बसलेली पत्नी एकदम ओरडली, "अहो, गाडी कडेला चाललीय!" मी लगेच स्टीअरिंग सावरले. माझे डोळे मिटलेले नव्हते, असे तीही सांगते. नजर मात्र "समोर असूनही हरवल्यासारखी" होती म्हणे. चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा गाडीत असूनही त्याने कोणताही इशारा दिला नाही. मग मी जागा होतो की झोपलेला? आणि डोळ्यांवरून मेंदूची अवस्था कितपत ओळखता येते?

पहाटपाळी : मी एका निद्राचाचणी केंद्रात तंत्रज्ञ आहे. मेंदूतील विद्युत लहरी टिपणाऱ्या तारा डोक्याला चिकटवून झाल्या की आम्ही रुग्णाला आधी डोळे मिटायला आणि मग उघडायला सांगतो. डोळे मिटताच डोक्याच्या मागच्या भागावरील नोंदीत सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी उमटतात आणि उघडताच त्या बहुधा विरतात. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२९ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांमुळे या लहरी जगाला माहीत झाल्या. झोप लागू लागली की नेत्रगोल पापणीआड या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात संथपणे सरकू लागतात आणि अल्फाची जागा त्याहून मंद अशा थीटा लहरी घेतात. नेमक्या त्या वेळी हाक मारली, तर पुष्कळ जण "छे, मी जागाच होतो" असे ठामपणे सांगतात. त्यामुळे आपल्या साक्षीवर मी फारसा भरवसा ठेवणार नाही, राग नसावा. काही सेकंदांची सूक्ष्मझोप डोळे उघडे असतानाही लागू शकते, आणि ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने गाडी तीन सेकंदांत १०० मीटर पुढे गेलेली असते.

ग्रीष्मा : वरील प्रतिसादाला थोडी पुस्ती जोडते. झोप म्हणजे एका खटक्यासरशी विझणारा दिवा नव्हे. बराच वेळ जागे ठेवलेले उंदीर हालचाल करत असतानाच त्यांच्या मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, काही पेशीसमूह क्षणभर गप्प होतात, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. डोळ्यांपुरते बोलायचे, तर पापणीपेक्षा बाहुली अधिक बोलकी असते. डॅनियल कानेमन आणि जॅक्सन बीटी या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली लोकांना एकापाठोपाठ एक अंक ऐकवून लक्षात ठेवायला सांगितले, तेव्हा प्रत्येक अंकागणिक बाहुली रुंदावत गेली आणि अंक परत म्हणून दाखवताना ती पुन्हा आकसत गेली. मेंदूच्या बुंध्यात लोकस सेरुलियस नावाचा एक चिमुकला पेशीपुंज आहे. तेथून नॉरॲड्रेनालिन हे संदेशवाहक रसायन मेंदूभर पोहोचते आणि सावधपणाची पातळी बऱ्याच अंशी त्यावर ठरते. माकडांवरील नोंदींत या पेशींची सक्रियता आणि बाहुलीचा आकार यांत मेळ आढळला आहे, मात्र बाहुलीवर इतर केंद्रांचाही अंमल चालतो. पेंग येऊ लागली की बाहुली लहान होते आणि अंधारातही स्थिर न राहता संथ हेलकावे घेते.

वाटसरू : असे असेल, तर गाडीतील कॅमेऱ्याने बाहुलीच का मोजू नये?

ग्रीष्मा : समोरून येणाऱ्या एका ट्रकच्या दिव्यांनी बाहुलीत जेवढा बदल होतो, त्यापुढे विचारांमुळे होणारा, बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असलेला फरक शोधणे कठीण असते. म्हणून अशा यंत्रणांत पापणीवर भर असतो. ठरावीक काळापैकी किती वेळ पापण्यांनी बाहुलीचा ८० टक्क्यांहून अधिक भाग झाकला होता, हे परिमाण १९९० च्या दशकापासून रूढ आहे. पापणी खाली न येताच लक्ष हरपले, तर हे परिमाण काहीच सांगत नाही, आणि आपल्या बाबतीत बहुधा तेच घडले असावे.

पहाटपाळी : सहमत. आपल्या पत्नीने मात्र कॅमेऱ्याहून नेमके निरीक्षण केले, असे मला वाटते. जागा चालक आरसा, रस्ता, फलक असे सतत टिपत असतो. थकवा वाढला की नजरेच्या या उड्या मंदावतात आणि ती एकाच जागी रुतून बसते. यापुढे नजर अशी रुतलेली दिसली, तर त्यांनी आपल्याला गाडी बाजूच्या थांब्यावर घ्यायलाच लावावी. तेथे आधी कॉफी घ्यावी आणि लगेच वीस मिनिटे डुलकी काढावी, कारण कॅफिनचा प्रभाव जाणवायला साधारण अर्धा तास जातो. खिडकी उघडणे आणि गाणी मोठ्याने लावणे यांचा उपयोग फार तर काही मिनिटे टिकतो.