गोधडीसाठी कापलेल्या तुकड्यांच्या दशा सुटतात

प्रश्न (सातारा):
आजीच्या जुन्या रेशमी साड्यांची गोधडी शिवायला घेतली आहे. परंतु तुकडा कापताच कडेने दशा सुटू लागतात आणि पाव इंचाची माया (शिवणीबाहेर सोडलेली कापडाची कड) शिवणीपर्यंतही टिकत नाही. काय करावे?

उत्तर (सांगली):
गुळगुळीत धागे एकमेकांना घट्ट धरत नाहीत, म्हणून कापलेली कड सुटते. साडी अखंड असतानाच धुऊन घ्यावी, कापण्यापूर्वी मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारे अस्तर) मंद इस्त्रीने, मध्ये सुती फडके ठेवून चिकटवावे, माया अर्धा इंच सोडावी आणि टाका बारीक ठेवावा.

उत्तर (कराड):
इंटरलॉक (कडेवर मशीनने दोरा गुंडाळणारी शिवण) करता येईल, पण त्याने जोड जाड होतो आणि हाताने धावदोरा घालताना सुई अडते. गोधडीसाठी तो पर्याय मला पटत नाही. आपल्याकडे पूर्वीपासून तुकड्याच्या कडा आत दुमडून तो अस्तरावर लावतात, त्यामुळे दशा आतच राहतात आणि वरून जवळजवळ घातलेला धावदोरा त्यांना पक्के धरून ठेवतो. आजीच्या साड्यांना हीच पद्धत शोभेल.

प्रश्नकर्ती:
नागमोडी कात्री पुरेल का?

उत्तर (सांगली):
सुती कापडाला बऱ्यापैकी पुरते, रेशमाला नाही.