मदत हवी आहे: ड्रोन सर्वेच्या कामासाठी वर्कस्टेशन लॅपटॉप, रॅम-एसएसडी-कीबोर्ड कसं ठरवावं?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी भुसावळचा. रावेर-यावल पट्ट्यात शेतांचा सर्वे, ठिबकचे आराखडे आणि तीन वर्षांपासून ड्रोनचे नकाशे, अशी कामं करतो. आताचा लॅपटॉप १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीवाला आहे. घेताना दुकानदार म्हणाला होता, "रॅम नंतर वाढवू की, त्यात काय!" परवा मागचं झाकण उघडलं तर स्लॉटच नाही. सगळ्या चिप्स बोर्डावरच सोल्डर केलेल्या. स्क्रू परत लावले आणि गप्प बसलो.

केळीच्या एका मोठ्या पट्ट्याचं उड्डाण म्हणजे १२०० ते १५०० फोटो, एकेक फोटो ८-९ एमबीचा. नुसते फोटोच १२ जीबीच्या आसपास, आणि प्रोसेसिंगमध्ये माझ्याकडे त्याचे पाच-सहा पट होतात. रात्री जेवण झालं की काम लावतो. सकाळी उठून बघावं तर गाडी ६२ टक्क्यांवर अडलेली, एसएसडीचा वापर शंभर टक्के, पंखा पिठाच्या गिरणीसारखा. मे महिन्यात तर लॅपटॉप कूलरसमोर ठेवून काम केलंय.

कीबोर्डचं दुखणं वेगळंच. आपला भाग यूटीएमच्या (जागा मीटरमध्ये मोजायच्या नकाशा-पद्धतीच्या) झोन ४३ उत्तरमध्ये येतो. एका बिंदूचे पूर्वेचे सहा आकडे, उत्तरेचे सात, वर दोन्हीकडे दशांशानंतर तीन-तीन. फील्डबुकातून असे दोनशे बिंदू भरायचे तर उजव्या बाजूचं नंबरपॅड लागतंच. माझ्या नंबरपॅडवरचं ५ दीड वर्षापूर्वी मेलं. चहा सांडला होता, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून ५ आला की हात वरच्या ओळीत जातो आणि तिथेच चुका होतात. एकदा उत्तरेच्या आकड्यात एक ५ राहून गेला आणि विहीर थेट नकाशाबाहेर गेली.

बजेट दीड लाख, ओढूनताणून पावणेदोन. ३२ जीबीत भागेल की ६४ च घेऊ? एसएसडी २ टीबीची एकच घ्यावी की १-१ टीबीच्या दोन? आणि १४ इंची हलका लॅपटॉप घेऊन नंबरपॅड वेगळं जोडलं तर बांधावर चालेल का?

सातपुडा_४५अंश

रॅम किती घ्यायची ते आम्हाला विचारू नका, जुन्या लॅपटॉपलाच विचारा. मोठं काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे 'कमिटेड' म्हणून दोन आकडे दिसतात. पहिला आकडा कामाच्या ऐन भरात जिथपर्यंत चढतो, साधारण तेवढी तुमची गरज. रॅम संपली की विंडोज उरलेलं ओझं एसएसडीवर टाकतं. तुमची एसएसडी शंभर टक्क्यांवर दिसते ती बहुतेक त्यामुळेच. म्हणजे नवी वेगवान एसएसडी घालून हे दुखणं बरं होणार नाही.

त्याच पानावर 'फॉर्म फॅक्टर' बघायची सवय लावा. 'सोडिम' दिसलं तर रॅम काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर सोल्डर केलेली. दुकानातल्या डेमो लॅपटॉपवर दहा सेकंदांत कळतं, दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

दोन सोडिम स्लॉटवाला घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा ६४ झेपत नसेल तर ३२ ची एकच पट्टी घालून दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. एका पट्टीवर ड्युअल चॅनल (दोन पट्ट्यांवर एकदम काम) मिळत नाही, वेग थोडा पडतो. पण १६-१६ च्या दोन घेतल्यात तर वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील.

आणि कूलरसमोर लॅपटॉप ठेवू नका हो! कूलरची हवा ओली असते.

पांझरा

एसएसडीचं मी सांगतो, धुळ्यात व्हिडिओ एडिटिंग करतो. दोन एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायच्या जागा) असतील तर दोन वेगळ्या घ्या, एकीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसरीवर चालू कामं. विंडोज बिघडलं तरी पहिली पुसून मोकळं होता येतं, कामाला धक्का नाही. कोणी रेड झिरो (दोन एसएसडी जोडून एकच) करून देतो म्हणाला तर हात जोडा. दोनपैकी एक गेली की दोन्हींवरचं जातं.

जेन ४ (एसएसडीची नवी, वेगवान पिढी) चा सेकंदाला ७००० एमबीचा आकडा बघून हुरळू नका. जेन ३ ची ३५०० देते, तुमच्या कामात फरक फार जाणवणार नाही, आणि जेन ४ तापली की स्वतःच वेग उतरवते. त्यापेक्षा आतल्या चिप्स टीएलसी (पेशीत तीन बिट) आहेत की क्यूएलसी (चार बिट, स्वस्त पण हळू) ते विचारा. क्यूएलसीवर सलग पन्नास-साठ जीबी लिहायला गेलं की कॅश (आतली तात्पुरती वेगवान जागा) भरते आणि मग ती बैलगाडी होते.

जुनी कामं मात्र एसएसडीवर टाकून पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवू नका. वीज न मिळता पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटा उन्हाळ्यात लवकर उतरतो, त्यात ती वापरून झिजलेली असेल तर जास्तच. साठवणीला साधी हार्डडिस्क, आणि तीही दोन.

गिरणामाई

कीबोर्डवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी पंधरा वर्षं डीटीपी केलंय. रॅम बदलता येते, एसएसडी बदलता येते, कीबोर्डचा साचा मात्र जो घ्याल तोच जन्मभर. १४ इंचीत नंबरपॅड सहसा नसतं. यूएसबीवालं टेबलावर छान चालतं, पण बांधावर मांडीवर लॅपटॉप घेतला की ते ठेवणार कुठे, मातीत? तुम्ही १६ इंचीच घ्या. नंबरपॅडमुळे टचपॅड डावीकडे सरकतं, आठ दिवस हात चुकतो, मग बसतो.

आणखी एक. काही लॅपटॉपमध्ये कीबोर्ड स्क्रू काढून सुटा होतो, काहींत वरच्या कव्हरला रिव्हेटने ठोकलेला असतो. मग एक कळ गेली तरी अख्खं कव्हर बदला. लेनोवो, डेल, एचपी यांच्या वर्कस्टेशनची सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. घेण्याआधी त्यात कीबोर्ड काढायचं पान वाचा.

मराठी अहवाल इनस्क्रिप्टमध्ये लिहीत असाल तर कळांवर स्टिकर लावू नका. आपल्याकडच्या उन्हात गोंद पाघळतो आणि कळा चिकटतात. स्वानुभव.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. रात्री १३०० फोटोंचं काम लावून जागत बसलो. कमिटेड ४१ जीबीपर्यंत चढलं आणि काम तिथेच मेलं. म्हणजे ३२ चा विषय संपला. ६४ एकदम जमतंय का बघतो, नाहीतर ३२ ची एक पट्टी आणि केळीचे पैसे आले की दुसरी. एसएसडी दोन, टीएलसी. १६ इंची, नंबरपॅडसह.

@गिरणामाई, ज्या मॉडेलवर डोळा होता त्याचं मॅन्युअल उघडलं. कीबोर्ड काढायच्या पानावर लिहिलंय, कव्हरसकट बदलावा. आता दुसरं मॉडेल बघतोय. मंगळवारी जळगावला जायचंच आहे, दुकानात उभं राहून फॉर्म फॅक्टर बघतो आणि ५ दहा वेळा दाबून बघतो.

सातपुडा_४५अंश

बघ भाऊ. आन आते चहा लांब ठेवजो.