मदत हवी आहे : मे अखेरीस बामणोली-तापोळा भागात पाऊस कसा असतो? घर शाकारायचं आहे

नमस्कार मंडळी,

माझं माहेर शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडच्या काठाला, कांदाटी खोऱ्याच्या तोंडाशी. बामणोलीहून लाँचनं जावं लागतं. मी साताऱ्यात असते, भाऊ वाशीच्या मार्केटात. गावात आई आणि आबा दोघंच. आबांचं वय ७६.

घर मंगलोरी कौलांचं आहे. यंदा दोन्ही पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) उतरवून सडलेल्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदलायच्या, फुटकी कौलं काढायची आणि मावळतीच्या भिंतीला पत्रा ठोकायचा असं ठरलंय. भावाला रजा मिळतेय २४ ते ३० मे. गावातली पोरंही तेव्हाच मुंबईहून आलेली असतात, हाताखाली माणसं मिळतात. म्हणून तोच आठवडा धरला होता. पण मला धीर होत नाही.

कारण गेल्या वर्षी, २०२५ ला, आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात एक पाखं उघडलं आणि पाऊस लागला तो थांबलाच नाही. वळीव म्हणजे तासभर कोसळून मोकळं होणारा, अशी आमची समजूत. हा दिवसचे दिवस धरून बसला. कौलं अंगणात, वर नुसत्या रिपा, त्यावर कुणाकुणाकडून मागून आणलेली मेणकापडं. माजघरातल्या कणगीत बियाण्याचा भात होता. चार दिवसांनी हात घातला तर आतून ऊब येत होती, मूठ बाहेर काढली तर दाण्यांना पांढरे मोड. आबा काही बोलले नाहीत. ती मूठ तशीच धरून उंबऱ्यावर बसून राहिले. ते मला पुन्हा बघायचं नाहीये.

तर माझे प्रश्न : २४ ते ३० मे धरावा का? नाही तर कधी? आणि मोबाईलवर ‘सातारा’ म्हणून जो अंदाज दिसतो तो आमच्या काठाला कितपत लागू पडतो? त्या भागातल्या माणसांनी कृपया सांगा.

जावळीचा_माणूस
ताई, गेल्या वर्षाचं मनाला लावून घेऊ नका, ते साल वेगळंच होतं. मोसमी पाऊस केरळात २४ मेला आला आणि २६ मेला मुंबई-पुण्यात. एरवी केरळची सरासरी तारीख १ जून आणि मुंबईची ११ जून. २०२४ ला मुंबईत ९ जूनला आला, २०२३ ला तर बिपरजॉय वादळानं सगळं लांबवलं, २५ जून उजाडला. त्या वर्षी मे अखेरीला आमच्याकडे निवांत कौलं चाळून झाली होती. २४ ते ३० अगदीच वाईट नाही.

ढगांचा_माग
वरच्या तारखा बरोबर आहेत, पण ताईंचा प्रश्न मोसमी पावसाचा नाही, उघड्या घराचा आहे. मोसमी वेळेवर आला तरी मे अखेरीला वळीव असतोच. दिवसभर तापतं, समुद्राकडची दमट हवा घाट चढून येते, आणि दुपारी तीन-चारनंतर ढग उभे राहतात. २५ मेला रोहिणी लागते, तिथून पुढे तर कुणी भरवसा देऊ नये. शिवाय अरबी समुद्रात वादळं होण्याचा काळ तोच. तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्याला कोकण किनाऱ्यालगत वर सरकलं, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. अशा वेळी घाटमाथा भिजतोच.

अंदाजाचं म्हणाल तर ‘सातारा’ हा एक शब्द फसवा आहे. एकाच जिल्ह्यात माण-खटाव आहे, जिथे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि महाबळेश्वरही आहे, जिथे तो साडेपाच हजारांच्या पुढे जातो. हवामान खात्याच्या इशाऱ्यात सातारा घाटाचा वेगळा उल्लेख असेल तर तोच तुमचा. खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं. त्यावरून दिवस ठरवू नका, पण कुठला आठवडा ओला आणि कुठला कोरडा याचा कल कळतो. पाखं उघडायचं की नाही हे मात्र आदल्या संध्याकाळच्या अंदाजावर. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप घ्या, ४० आणि २० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते सांगतं. लाँच पाण्यात असताना हे फार कामाचं.

पाणकाठ
ताई, मी त्याच काठाचा. तुम्ही सगळे आभाळाकडे बघताय, जरा पाण्याकडेही बघा.

कोयना धरणाचं पाण्याच्या हिशेबाचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. म्हणजे मे अखेरीला धरणात पाणी सगळ्यात कमी, आणि ते आधी हटतं आपल्या उत्तरेच्या टोकाकडून. तेव्हा लाँच धक्क्याला लागत नाही, लांब खाली उभी राहते. तिथून घरापर्यंत भेगा पडलेला गाळ तुडवत चढायचं. एक सर पडली की तोच गाळ गुडघ्याएवढा. तुम्ही पत्रे आणणार, रिपांचे भारे आणणार. ते डोक्यावर घेऊन त्या चढणीला चालणं मी केलंय, परत करणार नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी तरी जवळ असतं.

सामान सकाळीच आणा. चारनंतर वारं सुटतं आणि भरलेली लाँच हेलकावते. आबांना तर दुपारनंतर पाण्यात नेऊच नका. आणि एक खूण सांगतो, आमचे म्हातारे बघायचे : ढग उगवतीकडून चढला तर तो वळीव, दणका देऊन जाईल. मावळतीच्या डोंगरावर दोन-तीन दिवस धुकं बसलं आणि वारं तिकडून लागलं तर कौलं लगेच परत चढवा.

आणि दोन्ही पाखी एकदम उघडू नका. मावळतीचं आधी, ते पुरं चढलं की मगच दुसरं.

जावळीचा_माणूस
पाणकाठ म्हणतायत ते खरं आहे. आमचं गाव रस्त्याकडेला, पाण्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ताई, त्यांचं ऐका.

शिवसागरची_लेक (धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री भावाशी बोलले. पाण्याचं सांगितल्यावर तो गप्पच झाला, कारण गेल्या वर्षी पत्रे त्यानंच वाहिले होते. मुकादमाशी बोलून रजा अलीकडे आणतोय, ९ ते १४ मे. पत्रे आणि रिपा ३ तारखेलाच सकाळच्या लाँचनं पलीकडे टाकतो. ७ मेच्या गुरुवारचा अंदाज बघून मावळतीचं पाखं उघडायचं की नाही ते ठरेल. मुंबईची पोरं नसली तरी शेजारच्या वाडीतले दोघं यायला तयार आहेत.

बियाण्याचा भात मी आत्ताच साताऱ्याला आणून ठेवतेय. आईला ते पटलं नव्हतं, बियाणं घराबाहेर काढायचं नसतं म्हणाली. शेवटी आबांनीच पोती शिवायला घेतली.

एकच राहिलं. पाखं २२ फूट लांब आणि १४ फूट उतरतं आहे. ताडपत्री केवढी घेऊ?

पाणकाठ
२४ बाय १८ पुरेल असं दुकानदार सांगेल. घेऊ नका, कडेला फूटभरच उरतं आणि वाऱ्यानं सुटतं. ३० बाय २४ घ्या. आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर चार-पाच फूट टाका आणि दोरी वाशाला बांधा, रिपेला नको. रिप उपटून येते.

३ तारखेला किती वाजता बामणोलीत पोचताय ते कळवा. मी तिथेच असतो, उतरवायला हात लावीन.