युरिया, हाबर आणि आमचं पांढरं रान

खोडवा_वाळवा
काल गावच्या ग्रुपवर एकानं टाकलं : "युरिया शोधणाऱ्या फ्रिट्झ हाबरनं आपल्या जमिनी मारल्या, असल्या माणसाला नोबेल दिलंच कसं?" खाली अंगठ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून इथं लिहितोय.

युरिया हाबरनं शोधलाच नाही. तो व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८२८ सालीच प्रयोगशाळेत केला होता. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, पण उसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. हाबरनं तो हायड्रोजनबरोबर हवेच्या २००-एक पट दाबाखाली, तापवून, अमोनियात बांधला. १९०९, जर्मनीतलं कार्ल्सरूह. थेंब थेंब अमोनिया गळायला लागला आणि कार्ल बॉशनं त्याचा १९१३ ला जर्मनीतच ओपाऊत कारखाना केला. त्याच अमोनियापासून युरिया बनतो, हाबरचा संबंध तेवढाच. त्याआधी जग नायट्रोजनच्या खतासाठी चिलीच्या खाणीतल्या सोऱ्यावर बसलं होतं. आमच्या आज्ज्याला एकरी पंचवीस टन ऊस निघायचा, मला साठ निघतो. नुसत्या शेणखतावर निघाला असता काय?

मिरजेची_मास्तरीण
आणि पहिल्या महायुद्धातलं बेल्जियममधलं ईप्र? २२ एप्रिल १९१५, जर्मनांनी क्लोरीन या विषारी वायूची हजारो नळकांडी उघडली, हाबर स्वतः तिथं हजर. बायको क्लारा, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. २ मे ला तिनं त्याच्याच पिस्तुलानं स्वतःला संपवलं. तुमच्या साठ टनात हे कुठं बसतं ते सांगा.
वीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवतेय. परीक्षेत हाबर प्रक्रियेचा उत्प्रेरक विचारतात. लोखंड लिहिलं की एक मार्क. क्लाराला अर्धासुद्धा नाही.

पाटकरी
बाई, ते लढाईचं लांबचं झालं. माझं सव्वा एकर पांढरं पडलंय त्याचं काय? उन्हाळ्यात चाललं की चपलेखाली कुरकुर वाजतं. लावलेली उसाची टिपरी कुजत्यात. वडील सांगायचे, याच वावरात हळद कशी यायची. हे युरियानंच झालं. त्यात २६६ रुपयांचं पोतं मागितलं की दुकानदार सोबत कसली तरी बाटली गळ्यात मारतो. हेबी हाबरचंच काय?

खोडवा_वाळवा
बाटली दुकानदाराची. आणि पांढरं पडलं ते पाण्यानं, दादा. युरियात सोडियम नसतं. काळ्या जमिनीत पाट सोडायचा आणि घोरायचं. निचरा नाही, खालचं पाणी वर चढतं, वर वाफ होते, मीठ मागं राहतं.

पाटकरी
घोरायचं? लाईट येती रात्री बाराला! थंडीत दारं धरून बघा एकदा, मग शिकवा. मोबाईलवर बोटं चालवणं सोपं हाय.

निचरावाला_पलूस
भांडू नका. आम्ही सच्छिद्र पाइप पुरले. पाणी ओढ्याला काढायचं तर चर भाऊबंदाच्या बांधावरनं जाणार. त्यानं दोन वर्षं अडवला. "माझ्या रानात तुझं मीठ नको." शेवटी त्याचंच टोक पांढरं पडायला लागलं, मग स्वतः कुदळ घेऊन आला. तिसऱ्या वर्षी आमचा ऊस गुडघ्याच्या वर आला, आणि बायकोनं बांधावर नारळ फोडला. जमीन खाल्ली ती पाण्यानं आणि भावकीनं.

मिरजेची_मास्तरीण
वा. नोबेलचा धागा भावकीवर आला. १९१८ चं ते नोबेल जाहीर झालं तेव्हाही ओरड झालीच होती. आणि ज्या जर्मनीसाठी त्यानं विषारी वायू सोडला, तिथून यहुदी म्हणून १९३३ ला त्याला बाहेर पडावं लागलं. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये बाझलला वारला. यावर बोला कुणीतरी.

खोडवा_वाळवा
वायूबद्दल तुमचं बरोबर, मॅडम. मी त्याला देव म्हटलेलं नाही. आणि हो, युरिया आम्ही जास्तच ओततो. मागच्या साली ऊस लोळला तो माझ्याच हातानं. आता खूश?

मिरजेची_मास्तरीण
अर्धा मार्क.

पाटकरी
पलूसवाले, पाइप फुटाला काय पडला ते लिवा. हाबरचं ऱ्हाऊ दे.